१९५७चा लोकसभा निकाल आणि दोन द्वैभाषिक राज्ये

न. वि. ऊर्फ काकासाहेब गाडगीळ १९५८ साली पंजाबचे राज्यपाल म्हणून चंदिगडला आले, त्याच्या आदल्याच वर्षी पुण्याच्या मतदारांनी त्यांना नाकारले होते. मुंबई महाराष्ट्रालाच मिळाली पाहिजे, हे त्यांनी राज्यपुनर्रचना आयोगाच्या अहवालावरील चर्चेत लोकसभेतच ठासून सांगितले होते. तरीही समितीचे उमेदवार, प्रजासमाजवादी पक्षाचे ना. ग. गोरे यांनी त्यांचा पराभव केला. गाडगिळांचे मत पुणेकरांच्या मताहून निराळे नव्हते. आड आले ते काँग्रेसचे तिकीट. अशा रीतीने एका भाषिक आंदोलनाने पराभूत केलेला हा मराठी लेखक-राजकारणी दुसऱ्या भाषिक आंदोलनाच्या ऐन मध्यावर येऊन पडला. १९५७च्या निकालाचा तौलनिक विचार करण्यास यापेक्षा सोयीचे प्रवेशद्वार सापडणे कठीण आहे.

१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस दोन्ही प्रदेशांच्या इतिहासात समान आहे. त्या दिवशी मराठी-गुजराती असे विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि त्याच दिवशी पेप्सू विलीन होऊन पंजाबी-हिंदी असे नवे पंजाब राज्य झाले. दोन्हीकडे एकभाषिक राज्याची मागणी डावलली गेली होती. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. देशभरात काँग्रेसने लोकसभेच्या ४९४पैकी ३७१ जागा जिंकल्या. या भरघोस यशाच्या पोटात मात्र दोन परस्परविरुद्ध निकाल दडलेले होते.

पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. मध्य मुंबईतून कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे, साताऱ्यातून त्याच पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील, राजापुरातून प्रजासमाजवादी नाथ पै, नाशिकमधून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड, रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. ही नावे एका दमात वाचली की निकालाचे वेगळेपण ध्यानात येते. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे हे पक्ष एका मागणीपुरते एकत्र आले होते. अर्थात सारे मराठी मतदार एकमुखी होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. विदर्भ-मराठवाड्यात काँग्रेस बऱ्याच अंशी टिकली, आणि खुद्द मुंबईतही दक्षिणेत स. का. पाटील व उत्तरेत कृष्ण मेनन विजयी झाले.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे या युतीची भाषा. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६मध्ये सुरू झाला. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर यांच्या शाहिरीने गिरणगावापासून खेड्यापर्यंतची सभा बांधली. पोवाडा, लावणी, छक्कड, तमाशा हे प्रकार कोणत्याही एका जातीच्या वा धर्माच्या मालकीचे नव्हते. ‘मराठी माणूस’ ही कल्पना जाहीरनाम्यापेक्षा या रचनांतून अधिक घडली, आणि मतपेटीत उमटली ती तीच.

पंजाबात त्याच वेळी काँग्रेसने लोकसभेच्या २२पैकी २१ जागा मिळवल्या. उरलेली एक, झज्जरची, कम्युनिस्ट पक्षाकडे गेली. पंजाबी सुब्याची मागणी तेथे विरली होती असा अर्थ यातून काढला तर तो चुकेल. प्रादेशिक योजनेच्या तडजोडीनंतर अकाली दलाची बहुतेक मंडळी काँग्रेसच्याच तिकिटावर उभी राहिली होती. त्यामुळे संसदीय निवडणुकीत त्या मागणीला स्वतःचा उमेदवारच उरला नाही. ती बोलली १९६० साली, आणि तीही शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीच्या निवडणुकीत. सुब्याच्या प्रश्नावर लढवलेल्या त्या निवडणुकीत अकाली दलाने जवळजवळ सर्व जागा जिंकल्या. तो कौल निर्विवाद होता. परंतु त्या निवडणुकीत मताचा अधिकार केवळ शिखांना होता. भाषेची मागणी धर्माच्या मतदारयादीतून व्यक्त झाली, आणि ही मागणी भाषिक नसून धार्मिक आहे, या दिल्लीच्या आक्षेपाला आयते बळ मिळाले. त्यात पंजाबी हिंदूंपैकी अनेकांनी जनगणनेत मातृभाषा म्हणून हिंदी नोंदवली आणि गुरुमुखी की देवनागरी हा लिपीचा वाद भाषेच्या वादात मिसळला. लिपीचा असा पेच मराठीपुढे नव्हता, हे तिचे सुदैव मानावे लागेल.

संत फतेहसिंग यांचे १९६०-६१चे आणि मास्टर तारासिंग यांचे १९६१चे उपोषण गाडगिळांच्या राज्यपालपदाच्या काळातले. तोवर महाराष्ट्र राज्य होऊन गेले होते. १९५७च्या निकालाने द्वैभाषिकाचा पाया खिळखिळा केला होता, आणि आपल्या पक्षाला पश्चिम महाराष्ट्रात काय किंमत मोजावी लागली हे यशवंतराव चव्हाणांना कऱ्हाडच्या स्वतःच्या निसटत्या विजयावरूनही उमगले होते. १ मे १९६० नंतर समितीचे प्रयोजन संपले. १९६२च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील ४४पैकी ४१ जागा काँग्रेसला मिळाल्या. डांगे हरले, गोरे हरले, नाथ पै मात्र टिकले. त्याच वर्षी राज्यपालपदावरून मुक्त झालेले गाडगीळ साताऱ्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पाच वर्षांपूर्वी नाना पाटलांना लोकसभेत धाडणारा सातारा तो हाच.

पंजाबी सुबा प्रत्यक्षात यायला १ नोव्हेंबर १९६६ उजाडावा लागला, आणि तेव्हा वादाची राजधानी कोणालाच न देता केंद्रशासित करण्यात आली. मुंबईसाठी हीच योजना नेहरूंनी १६ जानेवारी १९५६ रोजी जाहीर केली होती आणि ती रक्तपातानंतर मागे घ्यावी लागली होती. चंदिगडबाबत ती टिकली. १९७० साली इंदिरा गांधींच्या सरकारने शहर पंजाबला देण्याचे जाहीर केले, १९८५च्या राजीव-लोंगोवाल करारात २६ जानेवारी १९८६ ही तारीखही ठरली. हस्तांतर झाले नाही. या शहराला विधानसभा नाही. १९६७पासून ते लोकसभेत एकच सदस्य पाठवते, आणि त्या पहिल्या निवडणुकीत येथून निवडून आले ते जनसंघाचे श्रीचंद गोयल.