दिघोरीचा माणूस नागपूरला कशासाठी जातो?

नागपुरात कोण कोण आले याची नोंद इतिहासकारांनी मोठ्या तपशिलाने ठेवली आहे. भोसले आले, इंग्रज आले, १८६७ साली मुंबईची आगगाडी आली, १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. परंतु भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीसारख्या गावाहून एका दिवसापुरता येणारा आणि दिवेलागणीला परतीची वाट धरणारा माणूस त्या नोंदींत सहसा भेटत नाही. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तेथे असली माणसे रोज भेटतात, म्हणून आम्हांस हा विषय लहान वाटत नाही.

दिघोरी हे लाखांदूर तालुक्यातले, धानाच्या मुलखातले गाव. तिकडे कोणी "नागपूरले जातो" म्हणाला की ऐकणारा लगेच विचारतो, "काहून?" कारण रिकामा कोणी जात नाही.

या 'काहून'ची उत्तरे काळागणिक बदलत गेली आहेत. १८६१ साली नागपूर मध्यप्रांताची राजधानी झाले, तेव्हा उत्तर होते सरकार. पुढे उत्तर झाले पोट. हातमागावर जाडेभरडे कापड विणणारे महार आणि कोष्टी गिरणीच्या स्वस्त कापडापुढे टिकेनात. मग त्यांच्यापैकी कित्येक त्याच गिरणीच्या दारात उभे राहिले. ज्याने धंदा बुडवला त्याच्याकडेच चाकरी मागायची, असा तो व्यवहार होता! आणि १९४७ साली मेडिकल कॉलेज निघाल्यावर दुखणे हेही कारण झाले. आजही खाट आतल्या रोग्याला मिळते. सोबत आलेल्याने व्हरांड्यात चादर पसरायची.

बोलावल्यावाचून, हात पसरल्यावाचून खेड्यातला माणूस नागपुरास गेला तो १९५६ साली. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उभे राहिले होते आणि पडले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेसाठी लाखो माणसे नागपुरात जमली. कोणी दागिने विकून गाडीभाडे उभे केले, कोणी पायी निघाले. पांढरी वस्त्रे नेसून आलेला हा समाज शहरात पाहुणा म्हणून नव्हे, मालकासारखा वावरला. त्या फेरीहून परतलेला माणूस जाताना होता तो उरला नव्हता.

त्याच वर्षी नागपूरची राजधानी गेली. १९५३ च्या नागपूर करारातले आश्वासन मात्र राहिले, आणि १९६० नंतर विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरू लागले. तेव्हापासून 'काहून'चे नवे उत्तर मोर्चा हे आहे. मोर्चे आम्हीही काढतो, म्हणून त्यातले बारकावे ठाऊक आहेत. पहाटे ट्रक निघतो, फडक्यात शिदोरी असते, लेकरू कडेवर असते. शहराची वाट ठाऊक नसते, म्हणून माणूस पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून चालतो. अडवले तर वळायचे कुठे, हे त्याला कळत नाही. म्हणून आम्ही माणसे मोजून नेतो आणि मोजून आणतो.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाज असाच आला. गुरे राखणारी ही माणसे. अनुसूचित जमातीच्या यादीतल्या 'गोंड गोवारी' या नोंदीचा लाभ आपल्याला मिळावा, एवढे त्यांचे मागणे होते. मोर्चा विधानभवनाअलीकडे अडवला गेला. निवेदन घेण्यासाठी कोणी मंत्री येईल म्हणून माणसे दिवसभर रस्त्यावर बसून राहिली. संध्याकाळी लाठ्या चालल्या, पळापळ झाली, आणि ११४ माणसे चेंगरून मेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. शिदोऱ्या रस्त्यावर पडल्या.

यादीतल्या दोन शब्दांचा हा तंटा पुढे न्यायालयात गेला. २०१८ साली नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने कौल दिला; डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे, आणि २३ नोव्हेंबरला खेड्यापाड्यांतून माणसे तेथे येतात, फुले वाहतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात.