ग्रंथिक आणि मायापुरी

महाभारताच्या विराटपर्वात नोकरीच्या अर्जांची एक मालिकाच आहे, असे म्हटले तर भाविक वाचकाने रागावू नये. अज्ञातवासाचे वर्ष सुरू होताना पांडव एकेक करून मत्स्यराजाच्या दरबारी येतात. नाव बदललेले, वेष पालटलेला. प्रत्येक जण आपल्याला काय येते ते सांगतो आणि काम मागतो. त्यांत दोघे पशुवैद्य आहेत. सहदेव तंतिपाल होऊन गोधन सांभाळू लागतो. नकुल ग्रंथिक हे नाव घेतो. घोड्यांची प्रकृती ओळखणे, अवखळ घोड्याला वळणावर आणणे, आजारी घोड्याला बरे करणे, हे सारे आपणास अवगत आहे असे तो राजाला सांगतो आणि पूर्वी युधिष्ठिराच्या पदरी घोड्यांवरच होतो अशी पूर्वसेवेची ग्वाहीही देतो. ग्वाही अगदी खरी. फक्त ती देणाराचे नाव खोटे. विराट दाखला मागत नाही. तो माणूस पाहतो आणि घोडे हवाली करतो.

आमच्या धंद्यात सही-शिक्क्यावाचून पान हलत नाही; त्यामुळे की काय, हा प्रसंग मला पुनःपुन्हा थांबवतो. परक्या मुलुखात गेलेल्या वैद्याला लोकांनी आपले जनावर कशाच्या भरवशावर सोपवावे? माणूस निदान आपले दुखणे सांगू शकतो, जनावर मुके. या प्रश्नाचा इतिहास धुंडाळताना ग्रंथिकाचा एक दूरचा भाऊबंद मला सापडला. त्याचे परदेशगमन हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तत्पूर्वी एक जुनी हकिकत सांगणे आवश्यक वाटते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो तामिळ किनाऱ्यावर आला. तेथील राजे दरसाल हजारो घोडे अरबस्तानाच्या व इराणच्या बंदरांतून विकत घेत आणि वर्ष संपेपर्यंत त्यांतले बरेचसे मरून जात, असे तो लिहितो. कारण काय, तर त्या राज्यांत घोड्यांची निगा जाणणारा कोणी नाही, आणि घोडे आणणारे व्यापारी आपल्याकडील अश्ववैद्यांना तिकडे जाऊ देत नाहीत; घोडे जगले तर पुढच्या वर्षी विकायचे काय? ज्या भूमीत शालिहोत्राच्या नावाने अश्वशास्त्र सांगितले गेले, तिथे घोड्याचा जाणकारच नव्हता हे म्हणणे मला साफ खरे वाटत नाही. पण व्यापाऱ्यांच्या मनाचा जो ठाव त्याने घेतला, तो खोटा मानण्याचेही कारण दिसत नाही. पुढे 1510 नंतर हाच व्यापार पोर्तुगीजांनी गोव्यात एकवटला, आणि मांडवीच्या मुखाशी उतरणाऱ्या अरबी घोड्यांसाठी विजयनगरचा दरबार त्यांची मनधरणी करू लागला. घोडा समुद्र ओलांडून आला. घोड्याचा वैद्य मात्र मागेच राहिला. तो यायला आणखी तीनशे वर्षे लागली.

विल्यम मूरक्रॉफ्ट याचा जन्म 1767 मध्ये इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात ऑर्म्सकर्क येथे झाला. लिव्हरपूलला एका शल्यवैद्याच्या हाताखाली तो माणसांची वैद्यकी शिकत होता. त्या काळात लँकेशायरात गुरांची साथ आली, तिच्या तपासात हा तरुण पडला आणि त्याचे मन तिकडेच गुंतले. पण शिकावे कोठे? इंग्लंडात जनावरांचे वैद्यक म्हणजे नालबंदाच्या भट्टीपाशी उभ्याउभ्या मिळणारे ज्ञान. शास्त्रशुद्ध विद्यालय पाहायचे तर फ्रान्स गाठणे भाग होते. तेथे लिओं शहरी क्लोद बूर्जला याने 1761-62 मध्ये अशा प्रकारचे युरोपातील पहिले विद्यालय काढले होते. (हा बूर्जला आधी वकील होता, आणि अन्यायाचा पक्ष घेऊन खटला जिंकल्यावर वैतागून त्याने वकिली सोडली, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, आमच्या बाररूममध्ये सांगण्यासारखी आहे खास.) 1790 च्या सुमारास, राज्यक्रांतीची धामधूम चालू असता, मूरक्रॉफ्ट लिओंला गेला. रीतसर शिकून पशुवैद्यकाचा धंदा करणारा पहिला इंग्रज म्हणून त्याची गणना होते.

गंमत अशी की, तो फ्रान्सला गेला त्याच सुमारास एक फ्रेंच पशुवैद्य कामाच्या शोधात इंग्लंडला आला होता. त्याचे नाव साँ-बेल. 1791 मध्ये लंडनला निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा तो पहिला प्रमुख. म्हणजे इंग्लंडची ही विद्या मुळातच पाहुणी. 1793 मध्ये साँ-बेल वारला, त्याच्या जागी मूरक्रॉफ्ट व कोलमन या दोघांची नेमणूक झाली. परंतु मूरक्रॉफ्टने लवकरच ती जागा सोडली आणि लंडनमध्ये ऑक्सफर्ड रस्त्यावर आपला स्वतंत्र धंदा थाटला. धंदा चालला उत्तम. पण यंत्राने घोड्याचे नाल घडवण्याचा त्याला नाद लागला, त्यात पुष्कळ पैसा बुडाला. आणि 1808 मध्ये, वयाच्या चाळिशीत, ईस्ट इंडिया कंपनीच्या घोड्यांच्या पैदास-पागेचा अधीक्षक म्हणून तो हिंदुस्थानात आला. चाळिशीत घरदार सोडून परमुलुखी जाणाऱ्या माणसाला लोक धाडसी म्हणतात. त्याच्या हिशेबाच्या वह्या कोणी पाहत नाही.

पागा होती बिहारात, पुसा येथे. (हेच पुढे 1905 मध्ये शेतकी संशोधनासाठी प्रसिद्ध झालेले पुसा. 1934 च्या भूकंपात तेथील इमारत पडली आणि संस्था दिल्लीस गेली; नाव मात्र बरोबर घेऊन गेली.) घोडदळाला लागणारे दमदार, उंचेपुरे घोडे या पागेतून निपजावेत ही कंपनीची अपेक्षा, आणि निपजत होते ते बेताचेच. मूरक्रॉफ्टने निकृष्ट जनावरे वेगळी काढली, रोगराईचा बंदोबस्त केला, दाणावैरणीकडे लक्ष दिले, ओट नावाच्या विलायती धान्याची मोठी लागवड केली. तरी त्याचे समाधान होईना. उत्तम वळू घोड्यांवाचून पैदास सुधारणार नाही, आणि ते घोडे मिळतील तर बुखाऱ्याकडे, तुर्कमानांच्या मुलुखात, हे त्याच्या मनाने घेतले. शालींची लोकर देणाऱ्या तिबेटी बकऱ्यांचाही त्याला ध्यास होता. तिबेटची वाट फिरंग्यांना बंद. म्हणून 1812 च्या उन्हाळ्यात कंपनीच्या पागेचा हा अधीक्षक गोसावी झाला.

त्याचा सोबती हैदर हिअर्सी. हा आधी शिंद्यांच्या फौजेत पेराँच्या हाताखाली नोकरीस होता, हे ग्वाल्हेरच्या वाचकांस मुद्दाम सांगण्याजोगे. दोघांनी कातडी काळवंडवली, भगवी वस्त्रे घेतली आणि नावेही घेतली. मूरक्रॉफ्ट झाला मायापुरी आणि हिअर्सी हरगिरी. बरोबर हरखदेव नावाचे एक पंडित होते. सारख्या मापाची पावले टाकीत वाटेचे अंतर मोजणे हे त्यांचे काम. जोशीमठावरून नीती घाट ओलांडून ही मंडळी तिबेटात उतरली.

तिथे एका तिबेटी अधिकाऱ्याच्या घरी जो प्रसंग घडला, तो एखाद्या आख्यानकाराने रचावा असा आहे. घरात दोन युरोपीय जातीचे कुत्रे होते. गोसाव्यांना पाहताच ते धावत आले, अंगाला अंग घासू लागले, आणि पूर्वी कोणा शिपायाने शिकवली असावी अशी कवाईत करून दाखवू लागले. हे कुत्रे रशियाकडून आलेल्या व्यापाऱ्यांकडून मिळाले असे यजमानांनी सांगितले. मूरक्रॉफ्टला त्यातून रशियाच्या हालचालीचा सुगावा लागला, आणि इतिहासकार या प्रसंगाचा उल्लेख करतात तो त्याच्याचसाठी. मला त्यात निराळेच दिसते. रंग, राख, भगवी छाटी, नाव, या साऱ्यांनी माणसे फसली; मुकी जनावरे फसली नाहीत. आणि फसवणूक उघडकीस आली ती पशुवैद्यापुढे!

ऑगस्ट 1812 मध्ये तो मानससरोवरावर पोहोचला. ज्या तीर्थाच्या स्नानासाठी आपल्याकडचा भाविक जन्मभर पुण्याई जोडतो, तेथे हा माणूस प्रकृती बरी नसताही काठाकाठाने हिंडला, तो एका प्रश्नाचे उत्तर शोधत: या सरोवरातून कोणती नदी बाहेर पडते? गंगा येथून निघते हा जुना समज त्याला खरा दिसला नाही. राक्षसतालाकडे जाणारा प्रवाहही त्याला आढळला नाही. (तो प्रवाह आहे, पण काही वर्षी वाहतो, काही वर्षी कोरडा पडतो, हे पुढच्यांनी दाखवले.) परतीच्या वाटेवर गुरख्यांनी त्याला पकडून काही दिवस अडकवून ठेवले. तरी शालीच्या काही बकऱ्या घेऊन तो परतला.

आता या वेषाबद्दल आपण काय म्हणावे? देवळाच्या ओसरीवर हा प्रश्न काढला तर एक जण म्हणेल, भगव्या वस्त्राचा हा बाजार. त्याच्याशी मी पूर्ण असहमत नाही. घोडे आणि बकऱ्या मिळवण्यासाठी संन्याशाचे नाव धारण करणे ही गोष्ट माझ्या गळी सहज उतरत नाही. परंतु हिमालयाच्या त्या वाटांनी गोसावी पूर्वापार व्यापारही करीत आले होते. पेशवाईतल्या पुण्यात सावकारीच्या पेढ्या चालवणारे गोसावी होतेच की! म्हणजे व्यापारी गोसाव्याचा वेष घेणाराने निदान व्यापाराविषयी खोटे सांगितले नाही. आणि नकुलाला एक माप नि मायापुरीला दुसरे, हेही न्यायाला धरून होणार नाही. फरक आहे तो निराळ्या ठिकाणी. नकुल वेष घेऊन आपल्या विद्येकडे गेला. मूरक्रॉफ्टने वेष घेतला तेव्हा विद्या झाकून ठेवली.

1819 मध्ये तो पुन्हा निघाला तो वेष न घेता, आणि मग त्याची विद्याच त्याचा परवाना झाली. कांगड्याचा राजा संसारचंद याचा भाऊ फतेचंद मरणोन्मुख होता. मूरक्रॉफ्टने त्याला वाचवले. फतेचंदाने आपली पगडी त्याच्या डोकीवर ठेवली, त्याची टोपी स्वतः घेतली आणि त्याला भाऊ मानले. लाहोरास रणजितसिंहाची भेट झाली. लेह येथे आणि पुढे काश्मिरात रोग्यांची रीघ लागली. मोतीबिंदू काढून त्याने कित्येकांना दृष्टी दिली. वाटेत 1822 मध्ये चोमा नावाचा एक फाटका हंगेरियन विद्वान भेटला, त्याला त्याने तिबेटी भाषेचा ग्रंथ व मदत देऊन अभ्यासाला लावले. तिबेटी-इंग्रजी कोश पुढे याच चोमाने रचला.

कंपनीचे मत मात्र निराळे होते. 1821 मध्ये त्याने लडाखच्या सरकारशी आपण होऊन व्यापारी करार केला. सरकारने तो झिडकारला. पुढे त्याचा पगारही बंद झाला. ही फिर्याद माझ्याकडे आली असती तर कागदावर मी कंपनीच्याच बाजूने मत दिले असते. मुखत्याराने अधिकाराबाहेर केलेले कृत्य धन्याला बांधत नाही. नेमणूक पुशाच्या पागेवर होती, आणि अधीक्षक वर्षानुवर्षे हिमालयापलीकडे. पण ज्या कामासाठी नेमला ते काम करायचे तर नेमलेल्या जागी बसून ते होत नाही, असे ज्याला प्रामाणिकपणे वाटते, त्याने काय करावे? या प्रश्नावर नेमणूकपत्रात कलम नसते.

कुंदुझच्या मुराद बेगने त्याला अडकवून छळले. 25 फेब्रुवारी 1825 रोजी तो बुखाऱ्यास पोहोचला. सतरा वर्षे ज्या बाजाराची स्वप्ने पाहिली, तेथे मनाजोगे घोडे फारच थोडे मिळाले. परतताना त्याच वर्षीच्या ऑगस्टात अंदखुई येथे तो तापाने वारला. वय अठ्ठावन्न. त्याचा तरुण सोबती ट्रेबेक हाही मागोमाग गेला. वीस वर्षांनी ल्हासास गेलेल्या हुक नावाच्या फ्रेंच पाद्र्याने तेथे ऐकले की, मूरक्रॉफ्ट बुखाऱ्याकडे मेलाच नाही. काश्मिरी मुसलमानाच्या वेषात तो बारा वर्षे ल्हासात राहिला आणि 1838 मध्ये लुटारूंच्या हातून मारला गेला. ऐकीव पुरावा, न्यायालयात टिकणार नाही. पण ज्याने एकदा वेष घेतला, त्याचे मरणसुद्धा लोक सरळ मानीत नाहीत. त्याचे प्रवासवृत्त 1841 मध्ये ऑक्सफर्डचे संस्कृतपंडित विल्सन यांनी छापून काढले.

त्याच्यानंतर या धंद्याला कायद्याचे कुंपण पडले. इंग्लंडात 1844 मध्ये पशुवैद्यांच्या संस्थेला राजसनद मिळाली, 1881 च्या कायद्याने ‘पशुवैद्य’ ही पदवी अनधिकाऱ्याने लावणे गुन्हा ठरला. मुंबईत परळला 1886 मध्ये महाविद्यालय निघाले, तेही इंग्लंडहून आलेल्या स्टील नावाच्या लष्करी पशुवैद्याच्या हाताखाली. आज तेथला पदवीधर उलट वाटेने विलायतेस जातो, तेव्हा हातातील पदवी तेथे पुरत नाही. नव्याने वैधानिक परीक्षा द्यावी लागते, तीही इंग्रजी भाषेचा दाखला दाखवून. मुक्या जनावराच्या हितासाठी हे योग्यच आहे, असे माझ्यातील वकील म्हणतो. कित्येक मुले परीक्षा होईतो तेथील दवाखान्यांत हाताखालची कामे करतात, कुत्री धरतात, पिंजरे धुतात. पदवी पेटीत आणि अंगावर मदतनिसाचा डगला. म्हटले तर तोही एक अज्ञातवासच.

1832 मध्ये अलेक्झांडर बर्न्स बुखाऱ्याच्या वाटेवर बल्ख येथे थांबला आणि चांदण्यात मूरक्रॉफ्टची कबर पाहायला गेला. गावकऱ्यांनी परधर्मीयाला आपल्या दफनभूमीत जागा दिली नव्हती. गावाबाहेर पुरण्याची परवानगी मिळाली, ती जागा झाकून टाकण्याच्या अटीवर. वर एक मातीची भिंत लोटून दिलेली होती.