इस्ट्रोजेन, कबुतरे आणि ठिसूळ हाडे

अंडी घालण्याचे दिवस जवळ आले की कबुतराच्या मादीच्या लांब हाडांतली पोकळी नव्या हाडाने भरू लागते. अंड्याच्या कवचाला लागणारे कॅल्शियम तिथे साठते. अंडी घालून झाली की ते हाड विरून जाते. १९३४ साली प्रेस्टन काइस आणि ट्रूमन पॉटर यांनी या बदलाचा संबंध अंडाशयाच्या चक्राशी जोडला. पुढे नर कबुतरांना इस्ट्रोजेन टोचले, तेव्हा त्यांच्याही हाडांत तेच घडले.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील फुलर ऑलब्राइट यांना या कबुतरांवरून आपल्या रुग्णांचे कोडे उलगडले. मणके दबलेले, उंची घटलेली, पाठ सतत दुखणारी माणसे त्यांच्याकडे येत. पासष्टीच्या आतल्या अशा ४२ रुग्णांपैकी ४० जणी पाळी गेलेल्या स्त्रिया होत्या. रुग्णाच्या पोटात किती कॅल्शियम जाते आणि लघवी-विष्ठेवाटे किती बाहेर पडते, याचा हिशेब ऑलब्राइट काटेकोरपणे ठेवत. इस्ट्रोजेन सुरू केले की शरीरात कॅल्शियम टिकू लागे. १९४१ साली त्यांनी हाडे विरळ होण्याचा हा आजार सविस्तर मांडला. त्यांचे निदान अचूक होते, कारणमीमांसा मात्र अर्धीच बरोबर. इस्ट्रोजेन हाड बांधणाऱ्या पेशींना चालना देते, असे ते मानत. प्रत्यक्षात त्याचे मुख्य काम हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे आहे. पाळी थांबल्यावर हा आवर सुटतो, झीज वाढते आणि भर तिच्या मागे पडते.

१९४२ मध्ये गाभण घोडीच्या लघवीपासून काढलेले इस्ट्रोजेन अमेरिकेत ‘प्रीमारिन’ नावाने गोळीच्या रूपात आले. १९६६ साली रॉबर्ट विल्सन यांच्या ‘फेमिनिन फॉरेव्हर’ या पुस्तकाने तर त्याला चिरतारुण्याचे औषधच करून टाकले, शास्त्रापेक्षा जाहिरात पुढे धावली. १९७५ मध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी त्याचा संबंध उघड झाला, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक देऊ लागले. या जोडीची १६,६०८ स्त्रियांवरची अमेरिकी चाचणी २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. खुब्याचे अस्थिभंग सुमारे एक तृतीयांशाने घटले होते, पण स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात वाढले होते.

दरम्यान दुसरी वाट सापडली होती, तीही अनपेक्षितपणे. स्तनांच्या कर्करोगावरचे औषध टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवते. त्यामुळे ते हाडेही पोखरेल अशी धास्ती होती. १९९२ साली उलटेच दिसले: पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मणक्यांची घनता त्याने टिकवली. एकच संयुग एका अवयवात इस्ट्रोजेनविरोधी, तर दुसऱ्यात इस्ट्रोजेनसारखे वागत होते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेची ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी याच जातकुळीची.

पुरुषांच्या हाडांनाही इस्ट्रोजेन लागते का, हा प्रश्न १९९४ मध्ये एका रुग्णाने निकालात काढला. अठ्ठावीस वर्षांच्या या तरुणाच्या पेशींना इस्ट्रोजेनची दखलच घेता येत नव्हती. टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही त्याची हाडे विरळ होती आणि २०४ सेंटिमीटर उंची गाठूनही तो वाढतच होता.

टॅमॉक्सिफेनच्याच जातकुळीतल्या, पण खास हाडांसाठी आलेल्या रॅलॉक्सिफेनला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. त्याने मणक्यांचे अस्थिभंग कमी होतात, खुब्याचे होत नाहीत. शिवाय शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. इस्ट्रोजेनचे सगळे गुण आणि एकही दोष नसलेले औषध अजून कोणाला बनवता आलेले नाही.