विक्री पर्यवेक्षक, किरकोळ

किरकोळ विक्रीच्या दालनात विक्रेत्यांच्या कामाची आखणी व देखरेख करणारा, विक्रेता आणि दालन व्यवस्थापक यांच्या मधल्या पायरीवरचा कर्मचारी. गल्ल्यावर मालक स्वतः बसे तोवर या पदाची फारशी गरज नव्हती (पहा : किरकोळ व्यापार); शॉपर्स स्टॉप (मुंबई, १९९१), डी-मार्ट (मुंबई, २००२) यांसारख्या साखळ्यांनी मालक व गल्ला यांत अंतर पाडले, तेव्हा हे पद फोफावले. पाळ्या लावणे, फळ्यांवर माल भरून घेणे, रोकड जुळवणे, तक्रारी मिटवणे ही त्याची कामे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार दुकाने वर्षभर रोज उघडी ठेवता येतात, पण कामगाराला साप्ताहिक सुटी द्यावीच लागते. त्यामुळे पाळ्यांचे गणित हेच पदाचे मर्म ठरते.

ऑनलाइन विक्री (पहा : ई-व्यापार) व स्वयंचलित बिलिंग यांमुळे हे पद संपेल, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा : यंत्र बिल करते, गैरहजर विक्रेत्याच्या जागी माणूस उभा करत नाही. खरी अडचण बढतीची आहे. दालनाला व्यवस्थापक सहसा एकच लागतो, म्हणून नवी दालने उघडणाऱ्या साखळीतच पुढची वाट रुंद असते.