जामखेडचे रुग्णालय आणि कसाऱ्याचे पाडे

मुंबईहून आलेली लोकल कसाऱ्याला थांबते; पुढे थळ घाट सुरू होतो. आजूबाजूच्या डोंगरउतारांवर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बांधवांचे पाडे विखुरलेले आहेत. याच शहापूर तालुक्यातून तानसा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील कित्येक पाडे टँकरची वाट पाहत बसतात. बाळंतपणात अडलेल्या बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, हेही येथे नवे नाही. अशा वेळी 'येथे एक चांगले रुग्णालय हवे' हे वाक्य आपसूक ओठांवर येते. ते हवेच. परंतु चांगले रुग्णालय कशाला म्हणावे, असा विचार करू लागलो की आम्हांस जामखेडचा इतिहास आठवतो.

डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ साली राहुरीला झाला. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्यांची व डॉ. मेबल यांची गाठ पडली. १९६० साली दोघे विवाहबद्ध झाले, ते ग्रामीण गरिबांची सेवा करण्याचा निश्चय करूनच. नगर जिल्ह्यातील वडाळा मिशनच्या रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. तेथे त्यांच्या ध्यानी आले की, बरा होऊन घरी गेलेला रुग्ण काही महिन्यांनी त्याच दुखण्याने पुन्हा दारात उभा राहतो. दूषित पाणी, अपुरे अन्न व अज्ञान जेथल्या तेथेच राहिले, तर नुसते औषध किती पुरणार? ही बोच मनात घेऊन ते अमेरिकेला गेले. तेथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली जामखेड गाठले.

जामखेड हा नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) अवर्षणग्रस्त तालुका. तेथे नफ्याचा हेतू न ठेवता रुग्णालय सुरू झाले. मात्र डॉक्टरांनी गावोगाव जाऊन विचारणा केली, तेव्हा लोकांनी आधी औषध मागितले नाही. त्यांनी अन्न आणि पाणी मागितले. पुढे १९७२ चा भीषण दुष्काळ आला. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, विंधनविहिरी खोदल्या गेल्या. त्यांतील अनेक विहिरींची जागा दलित वस्तीत ठरवण्यात आली. ज्यांची सावलीही टाळली जात असे, त्यांच्या अंगणात सवर्ण बायांना घागर घेऊन यावे लागले. अतिसार कमी करणाऱ्या त्या पाण्याने शिवाशिवीचाही थोडा निचरा केला.

खरा बदल मात्र यानंतरचा. प्रारंभी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा प्रयत्न झाला. त्या गावात रुजल्या नाहीत आणि गावानेही त्यांचे ऐकले नाही. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी, असे ठरले. बहुतेक जणी निरक्षर होत्या. कित्येक दलित, तर कित्येक परित्यक्ता. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एका पंगतीला जेवत, एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. शिकून जात, कामाला लागत आणि अडचणी घेऊन पुन्हा येत. बाळंतपण सुरक्षित कसे करावे, जुलाबाने सुकलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, कुष्ठरोगाचा पहिला चट्टा कसा ओळखावा, हे सारे त्यांनी आत्मसात केले. ज्ञान डॉक्टरांच्या खोलीत कुलूपबंद न राहता चुलीजवळ पोहोचले.

मग रुग्णालयाची गरज उरली नाही काय? उरली, आणि तिचे स्वरूप स्पष्ट झाले. गावात जे होऊ शकत नाही, त्यासाठीच रुग्णालय: आडव्या मुलाची शस्त्रक्रिया, गंभीर अपघात, बळावलेला ज्वर. कुष्ठरोग्यांनाही तेथे वेगळे न काढता इतरांबरोबरच उपचार मिळाले. आपल्यामागे हे दार उघडे आहे, हे ठाऊक असल्यामुळेच ती बाई रात्री-अपरात्री धीराने उभी राहू शकत होती.

फळ दिसून आले. कार्यक्षेत्रातील गावांत १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हे प्रमाण ५२ वर आले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडची कहाणी आली. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला, त्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. डॉ. मेबल १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली देवाघरी गेले. कार्य पुढच्या पिढीने चालू ठेवले. २००५ साली शासनाने गावोगाव 'आशा' कार्यकर्ती नेमण्याची योजना आणली. त्या कल्पनेच्या पूर्वजांत जामखेडची ती निरक्षर बाई निश्चितच आहे.

येथे आम्हां धर्मसेवकांना एक कबुली दिली पाहिजे. संस्था उभारताना आपले लक्ष इमारतीकडे, खाटांच्या संख्येकडे आणि कोनशिलेकडे लवकर जाते. रुग्णांची रांग वाढली की सेवा वाढली, असे आपण अहवालात लिहितो. जामखेडने उलटा हिशेब मांडला: रांग का लागते, ते आधी पाहा. दाराशी आलेल्या जखमी माणसाची शुश्रूषा करावी, हे तर आपण शिकवतोच. पण तो ज्या वाटेवर घायाळ होतो, ती वाट सुरक्षित करणे हेही शेजारधर्मातच येते.

कसाऱ्याच्या पाड्यांवर आज 'आशा' ताई चालत जातात. त्यांच्या पिशवीत औषधे आहेत, नोंदवह्या आहेत. परंतु दर आठवड्याला जिथे मन मोकळे करावे, चुका सांगाव्यात, नवे शिकावे, असे घर त्यांना आहे काय? अडलेल्या बाईची झोळी रस्त्यावर पोहोचेल, तेव्हा तिच्यासाठी परवडणारे दार उघडे असेल काय? आपल्या भागात रुग्णालयाचा आराखडा काढणाऱ्या प्रत्येकाने पहिली रेघ ओढण्यापूर्वी पाड्यावर जाऊन बसावे आणि त्या ताईला हे दोन प्रश्न विचारावेत, एवढीच आमची विनंती.