लोकाधारित देखरेख (नंदुरबार जिल्हा)

लोकाधारित देखरेख ही सार्वजनिक आरोग्यसेवा आणि त्यांवरील खर्च यांची लोकांनी गावपातळीवर केलेली तपासणी होय. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत ती २००७ साली नऊ राज्यांत सुरू झाली. महाराष्ट्रात नंदुरबारसह अमरावती, उस्मानाबाद, ठाणे व पुणे हे पहिले पाच जिल्हे होते. राज्यस्तरीय समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता.

जिल्हा परिषदेच्या हिशेबांची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. तिचा भर मुख्यतः मंजुरी, पावती व नोंदवही यांचा मेळ घालण्यावर असतो. अभियानाने उपकेंद्रास वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी देऊ केला. तो खर्ची पडल्याचे कागदावरून कळते, परंतु आरोग्यसेविका पाड्यावर पोहोचली का, रुग्णाला औषध बाहेरून विकत आणावे लागले का, हे कळत नाही. देखरेख समिती नेमके हेच गावकऱ्यांना विचारते आणि प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देऊन गावाचे प्रगतिपत्रक तयार करते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती; अक्षरओळख नसलेल्यालाही लाल रंग मात्र वाचता येतो.

ही पत्रके जनसुनवाईत मांडली जातात व तेथे अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तर द्यावे लागते. समितीला वसुलीचा वा शिक्षेचा अधिकार नाही. शिवाय या प्रक्रियेचा खर्च अभियानाच्याच निधीतून होत असल्याने, जिची तपासणी करायची त्याच यंत्रणेच्या मंजुरीवर ती अवलंबून राहिली.