पीएमएस की आणखी काही? पाळीची तारीख सांगेल

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की बायकांचा दिवस चिखलात वाकून जातो. अंग दुखलं, थकवा आला, चिडचिड झाली, तर सगळा दोष कामाला दिला जातो. पण हाच त्रास दर महिन्याला पाळीच्या आधी होत असेल, तर तो पीएमएस असू शकतो.

पीएमएस म्हणजे काय?

पीएमएस म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम, पाळीपूर्वीचा त्रास. अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर, म्हणजे पाळीच्या साधारण १४ दिवस आधीपासून, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांत चढउतार होतात. काही जणींना ते जास्त जाणवतात. हे नाव १९५३ साली ब्रिटनमधल्या डॉ. रेमंड ग्रीन आणि डॉ. कॅथरिना डाल्टन यांच्या लेखामुळे रूढ झालं.

लक्षणं कोणती?

- चिडचिड, रडू येणं, उदास वाटणं
- स्तन दुखणं, पोट फुगणं, डोकं-कंबर दुखणं
- थकवा, झोप बिघडणं, गोड खाण्याची इच्छा

ओळखायचं कसं?

पीएमएस दाखवणारी रक्ताची चाचणी नाही. सलग दोन महिने रोजचा त्रास कॅलेंडरवर लिहा. पाळीआधी सुरू होऊन पाळी आल्यावर काही दिवसांत थांबत असेल, तर पीएमएसची शक्यता जास्त.

थकवा महिनाभर राहत असेल तर?

मग कारण वेगळं असू शकतं: रक्त कमी असणं, थायरॉईड किंवा नैराश्य. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्णही आढळतात. त्यातही थकवा आणि अंगदुखी असते. म्हणून 'पाळीचंच असेल' म्हणत अंगावर काढू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

उपाय काय?

नियमित व्यायाम, पुरेशी झोप, चहा-कॉफी आणि मीठ कमी करणं याने अनेकींना आराम पडतो. त्रास जास्त असेल तर डॉक्टर औषधं देतात. मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून घेऊ नका.

पाळीआधी दर वेळी टोकाची निराशा येत असेल, तर तो पीएमडीडी हा गंभीर प्रकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. जीव द्यावासा वाटत असेल, तर थांबू नका. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ हा नंबर लावा. ही सेवा मोफत आणि २४ तास सुरू असते.